पाडव्याची सात घड्याळं

लग्नात सासऱ्यांनी मला चौकोनी सोनेरी घड्याळ घातलं, तेव्हा आमच्या वरवट बकालच्या मंडळींनी माझा हात आळीपाळीनं धरून पाहिला होता. गावात मनगटी घड्याळ फक्त डॉक्टरांकडे होतं. मी बाविशीचा होतो, मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं झालेलं, आणि नांदुऱ्याला घरजावई म्हणून निघालो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. त्यांची कापसाची आणि धान्याची अडत होती, सासूबाई वारल्या होत्या, आणि मुलगी एकच. ठरलेलं असं होतं, की मी वर्षभर अडतीत हातभार लावायचा आणि शाळेत नोकरी लागली की बिऱ्हाड हलवायचं. वर्ष संपायच्या आत धामणगाव बढ्याच्या शाळेतून पत्र आलं. मी ते मामाजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातलं.

"मास्तरकी कराले पोरगी देल्ली काय तुमाले?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्या दिवाळीच्या पाडव्याला मला दुसरं घड्याळ मिळालं, काळ्या तबकडीचं.

त्यानंतर दर पाडव्याला एक. मुंबईहून माल घेऊन येणारा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून ते आधीच मागवून ठेवत. एक तारीख दाखवणारं, एक मोठ्या आकड्यांचं, एक आकडेच नसलेलं, एक पातळ, आणि एक जड धातूच्या पट्ट्याचं, ज्यात मनगटावरचे केस अडकून ओढले जायचे. सहाव्या पाडव्याला लग्नाचं धरून सात झाली. लोक म्हणायचे, जावयाचे लाड पाहा. लाड होतेच, पण घड्याळांची पेटी मामाजींच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

रोज सकाळी चहा झाला की ते पेटी काढत. बंद घड्याळ घरात असू नये असं त्यांचं म्हणणं, म्हणून सातही घड्याळांना मी चावी द्यायची. मग ते एकेक कानाला लावून पाहत आणि त्यातलं एक माझ्यापुढे सरकवत. "आज जिनिंगवाले येऊन राह्यले, काळं घाला." "आज लग्नाले जाणं हाय, चौकोनी." संध्याकाळी मी ते काढून परत द्यायचो. सात वर्षांत एकदाही मी स्वतः पेटीत हात घातला नव्हता. कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं, जेवण चांगलं होतं, मान होता. पण कापसाच्या गाड्या उतरवताना नांदुऱ्याच्या स्टेशनावरून गाडीची शिट्टी आली की मी उगाच हातातल्या घड्याळाकडे पाहायचो.

सातव्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मामाजींनी त्या दिवशी तारखेचं घड्याळ काढून दिलं होतं. मांडवात नव्या जावयाचा उघडा हात दिसला. मी घड्याळ काढलं आणि त्याला घातलं. आधी काही ठरवलं नव्हतं. परतीच्या रात्रीच्या बसमध्ये बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी पेटी उघडली.

"तारखेचं कोठी हाय?"

"पावण्याले देल्लं," मी म्हणालो.

"कोनाले इचारून?"

तेवढ्यात आतून बायको आली, हाताला पीठ लागलेलं. "म्या सांगतलं द्याले," ती बापाला म्हणाली. तिनं असं काहीही सांगितलं नव्हतं. "एका मानसाले सात घड्यायं काऊन लागतेत, बाबा?"

मामाजींनी पेटी बंद केली. दोन दिवस त्यांनी मला चावी द्यायला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी पेटी आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "जड होऊन राह्यले ना तुमाले? घ्या. काय करायचं ते करा. फक्त माह्या घरचा जवाई उघड्या हातानं हिंडला नाई पायजे."

दुपारी ते झोपले तेव्हा आम्ही दोघांनी सहा घड्याळं पलंगावर मांडली. चावी न दिल्यामुळे सगळी वेगवेगळ्या वेळेला बंद पडली होती. "यातलं कोनतं आवडते तुमाले?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना. सात वर्षं ती माझ्या हातावर फिरली, आणि त्यातलं कुठलं मला आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. मला एकदम रडू आलं. तिनं दार लोटून घेतलं.

चौकोनी घड्याळ तिनं उचललं. "हे माह्यासंगं आलं व्हतं, हे मीच ठेवतो," म्हणाली आणि स्वतःच्या हातात घातलं. बांगड्यांवर ते सैल पडलं, कोपराकडे सरकलं. नांदुऱ्यात तेव्हा घरातली बाई घड्याळ घालत नसे. ती घरात घालून वावरू लागली, आणि मामाजींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मोठ्या आकड्यांचं मी सायकलवर धामणगावला घेऊन गेलो. माझ्याबरोबर ट्रेनिंग केलेला एक मित्र तिथं मास्तर होता. मला आलेल्या पत्राची जागा पुढं त्यालाच मिळाली होती. तो वर्गात होता, म्हणून मी खिडकीबाहेर उभा राहिलो. पोरं पाढे म्हणत होती आणि तो सतराच्या पाढ्याला पोरांना अडवत होता. मधल्या सुट्टीत मी घड्याळ दिलं. त्याला फार आनंद झाला. "तुह्यं काय बे, तू तं शेठ झाला," तो म्हणाला. मी हसलो. परत येताना सायकल हातात धरून बराच रस्ता चालत आलो.

उरलेली चार रुमालात बांधून मी अकोल्याला गेलो. तिथला घड्याळवाला म्हातारा होता, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं चारही उघडून पाहिली. "माल चांगला हाय. बदल्यात काय पायजे?"

"एकच. सगळीकडे चालेल असं."

"सगळीकडे म्हंजे कुठं कुठं?"

नांदुऱ्याहून आलोय म्हणालो आणि सांगू लागलो. अडत, जिनिंग, वावर, बाजार, लग्न, मयत. तो ऐकत होता. "म्हंजे नांदुऱ्यातच की," तो म्हणाला. तो काही टोमणा मारत नव्हता. पण ते वाक्य मला आजही ऐकू येतं.

त्यानं पाच-सहा घड्याळं काचेवर ठेवली. मी एकेक हातात घालून पाहत होतो आणि तो घाई करत नव्हता. सोनेरी घड्याळ शेतात शोभणार नाही, काळ्या तबकडीवर उन्हात दिसत नाही, फार मोठं सदऱ्याच्या बाहीत अडकतं, हे सगळं मला माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. शेवटी स्टीलचं घेतलं. पांढरी तबकडी, साधे काळे आकडे, अंधारात दिसणारे काटे, पाणी लागलं तरी चालणारं. म्हाताऱ्यानं दोन पट्टे दिले, एक काळा चामड्याचा, एक स्टीलचा. "घामाच्या दिवसांत हा, लग्नात तो. पट्टा बदलला का घड्याय बदललं." चाराच्या बदल्यात एक देताना त्यानं वरचे पैसे मला दिले, तेव्हा मला ते खिशात ठेवायचं भान नव्हतं. मी हाताकडेच पाहत होतो.

स्टेशनावर आलो तेव्हा समोरच्या फलाटावर नागपूरची गाडी उभी होती. माझ्या गाडीला अवकाश होता. त्या पैशात नागपूरचं तिकीट सहज आलं असतं. तिथं शाळा होत्या. मी पूल चढून पलीकडे गेलो, डब्याच्या दांडीला हात लावला. गाडी हलली तेव्हा हात सोडला. मग इकडे येऊन नांदुऱ्याच्या गाडीत बसलो.

मामाजी ओट्यावर वाट पाहत होते. त्यांनी घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं, उलटंसुलटं केलं. "साधंच हाय," म्हणाले. पण जेवायला बसेपर्यंत परत दिलं नाही. आठ दिवसांनी अडतीत, चार माणसांच्या देखत, त्यांनी माझा हात वर केला. "जवायाची पसंती पाहा. मले बी असंच एक आणा, जवाईबुवा." पहिल्यांदाच त्यांनी माझं कौतुक केलं होतं. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा संतापही आला. एक वस्तू मी माझ्या मनानं आणली होती, आता तीही त्यांची होणार होती.

त्या दुपारी बायको गहू पाखडत होती. मी तिला नागपूरच्या गाडीचं सांगून टाकलं. तिचे हात चालूच होते.

"आन मले?" तिनं विचारलं.

फलाटावर मला तिची आठवण झाली नव्हती. खोटं बोलता आलं असतं, पण तिनं माझ्यासाठी बापापुढे खोटं बोलून झालं होतं, आणि मला ते जमलं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी निदान स्टेशनावर तरी जाता," ती म्हणाली आणि उठून आत गेली. त्या घरात मी सात वर्षं अडकलोय असं मला वाटायचं. ती जन्मापासून तिथंच होती.

मामाजींचं घड्याळ आणायला मी तिला सोबत नेलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग "पाचच्या गाडीनं वापस या" म्हणाले. दुकानातल्या म्हाताऱ्यानं पट्टा कोणता देऊ विचारलं, तेव्हा तीच बोलली, "चामड्याचा. बाबाच्या हाताले लोखंडानं खाज सुटते." हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. नंतर आम्ही बाजारातल्या हॉटेलात बसलो. घराबाहेर दोघंच असे आम्ही पहिल्यांदा बसलो होतो. तिनं चहा संपवला, आणखी एक मागवला, आणि रस्त्यावरची वर्दळ पाहत तो अगदी सावकाश प्याली. मी तिला घाई केली नाही. पाचची गाडी मात्र आम्ही चुकवली नाही.