आक्काची खिंड

आमच्या सुईणआक्का रेल्वेच्या इंजिनाशी भांडत. एक हात कमरेवर, काखेत बोचकं, आणि फाटकात आडव्या उभ्या राहिलेल्या मालगाडीकडं बघून खड्या आवाजात, "सरक की रं म्हसोबा! आता शेंदूर फासू व्हय तुला?" इंजिन आपलं धूर सोडत उभंच. खोळंबलेली माणसं हसली की आक्का त्यांच्यावर उखडायच्या, "दात काय काडतायसा? समदी माज्याच हातावर आलायसा तुमी!"

ते खरंच होतं. सांगलीत रुळांच्या दोन्ही अंगांना कितीतरी घरांतली बाळंतपणं त्यांनीच केलेली. मी तेव्हा हळदीच्या पेढीवर कारकून होतो, बिऱ्हाड रेल्वेच्या चाळीला लागून होतं. माझी थोरली लेकही आक्कांच्याच हातची. तिला न्हाऊ घालताना त्या तिचं नाक चिमटीत धरून ओढायच्या आणि माझ्यादेखत म्हणायच्या, "बापावर गेलंय. वाईच सरळ करतो." त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, पण तसं कधी वाटलं नाही.

लढाईच्या वर्षांत मालगाड्या वाढल्या. स्टेशन गावातच, रूळ अपुरे. हळद-गुळाचे डबे मागंपुढं करताना अख्खी गाडी रस्त्यावर आडवी पडून राहायची. नगरपालिकेनं अर्ज केले, व्यापाऱ्यांनी स्टेशनमास्तरांना हार घातले. गाडी काही हलली नाही. ज्यांना घाई होती ते डब्यांखालून वाकून पलीकडं जात. आक्का मात्र जात नसत. म्हणायच्या, "जल्माच्या कामाला निगालेल्या बाईनं मरनाच्या खालनं कशाला जायाचं?"

एका दुपारी त्यांनाही जावं लागलं. पलीकडच्या वस्तीतली एका गाडीवानाची बायको अडली होती. निरोपावर निरोप येत होते आणि गाडी हलेना. शेवटी आक्का बोचकं पुढं ढकलत डब्याखाली शिरल्या. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. बाई वाचली, मूल गेलं. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. बायकोनं पुढं केलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. "लेकरू माजी वाट बगत हुतं, आन् मी हितं गाडीची वाट बगत हुतो," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

पुढं चाळीतल्या इंजिन-ड्रायव्हरच्या बायकोला आक्कांनीच सोडवलं. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला मुलगा. मग काय, बारसं दणक्यात. आमच्याकडची रीत अशी, की बारशाला सुईणीची ओटी भरायची, साडीचोळी द्यायची आणि तिनं तोंडानं मागितलेलं नाकारायचं नाही. ड्रायव्हर ऐटीत म्हणाले, "मागा आक्का, काय पाहिजे ते मागा."

आक्कांनी साडी बाजूला सारली आणि पाळण्याची दोरी घट्ट धरली. "रस्त्यावर गाडी हुबी करशीला तवा डबं मदनं सोडवून मानसांस्नी वाट द्या. व्हय म्हना, मगच आत्याला पोराच्या कानात नाव सांगू दे."

सगळे हसले. ड्रायव्हरही हसले, मग आक्का हसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. डबे सोडवायचे, पुन्हा जोडायचे, म्हणजे काम दुप्पट. ते चाचरत म्हणाले, "आक्का, साहेब रागावतील हो."

"सायेब बाळंत हुत न्हाई," आक्का म्हणाल्या.

पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या, आत्या नाव ओठावर घेऊन ताटकळली, बाळानं भोकाड पसरलं. पण आक्का दोरी सोडेनात. शेवटी बाळंतीणच नवऱ्याला म्हणाली, "आवं, व्हय म्हना की. आक्का वेळंत आल्या म्हनून ह्यो पोरगा हाय." तेव्हा कुठं ड्रायव्हरनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून फाटकात डबे मधोमध सोडवले जाऊ लागले. मास्तर पहिल्यांदा भडकले, ड्रायव्हरना चार शब्द ऐकावे लागले. पण फाटकाशी तुंबणाऱ्या बैलगाड्या हटल्या, व्यापाऱ्यांचा माल वेळेवर स्टेशनात येऊ लागला, तसे मास्तर गप्प झाले आणि पुढं तोच शिरस्ता पडला. लोक त्या जागेला 'आक्काची खिंड' म्हणू लागले. खिंड कसली, जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी फट! आक्का तिच्यातून ताठ मानेनं जायच्या, आणि इंजिनाला शिव्या द्यायच्याच.

काही वर्षांनी आक्कांनी पोटाच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बैलगाडीत गवत घालून त्यांना निजवलं, मी बरोबर चालत होतो. फाटकात मालगाडी होती, डबे सोडवलेले होते. आम्ही फटीत शिरणार तोच समोरून दुसरी बैलगाडी आली. बैल तोंडाला तोंड लावून उभे राहिले. "आक्का हाईत, मागं घ्या रं!" म्हणून माणसं समोरच्यावर ओरडू लागली.

आक्कांनी मान उचलली. "त्या गाडीत कोन हाय?"

"अडलेली बाई हाय," कुणीतरी सांगितलं.

"मग आपली मागं घ्या."

मी म्हणालो, "आक्का, तुम्हांला फार त्रास होतोय. आपण आधी जाऊ."

"आवं, मी चाललोय," आक्का म्हणाल्या. "तितं कुनीतरी यायला लागलंय. त्येला वाट द्या."

आमची गाडी मागं घेतली. ती गाडी जवळून गेली तेव्हा आतल्या बाईचं कण्हणं ऐकून आक्कांनी गवतावरूनच तिला ओरडून सांगितलं, "दम धर, बाय!"

दुसऱ्या दिवशी त्या बाईची चौकशी करून मी पुन्हा मिरजेला गेलो. आक्कांना बोलणं जड जात होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "वेळंत पोचली न्हवं ती?"

"पोचली, आक्का. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

"बेस झालं," म्हणाल्या आणि कूस वळवून निजल्या. त्यातून त्या उठल्या नाहीत. माझी आई गेली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.