भट्टी सगळ्यांत शेवटी पेटवणारा माणूस

ऑक्टोबर लागला की लिंडाल गावातली म्हातारी माणसं एकमेकांच्या घरांकडे संशयाने बघायला लागतात. सकाळी गाडी मुद्दाम सावकाश चालवायची, मान न वळवता नुसते डोळे वळवायचे आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या नळावर नजर टाकायची. त्या नळाच्या तोंडाशी वाफेचा लोट दिसला की झालं! त्या घरातली ऊब देणारी भट्टी पेटली, म्हणजे त्या घरातला पुरुष हरला. मग बेट्टीच्या हॉटेलात त्या दिवशीची सगळ्यांची कॉफी त्याच्या नावावर.

नॉर्थ डाकोटातला हिवाळा कुणाचे लाड करत नाही. शहाण्या माणसाने सप्टेंबर संपायच्या आत तळघरातली भट्टी पेटवावी आणि पाय पसरून बसावं. पण शहाणपणाचं आणि लिंडालच्या पुरुषांचं कधी जमलंच नाही. शेवटपर्यंत जो कुडकुडत राहील, त्याचं नाव हॉटेलाच्या भिंतीवर टांगलेल्या एका जुन्या भट्टीच्या लोखंडी दारावर रंगवलं जातं. गेली नऊ वर्षं त्या दारावर एकच नाव चढत होतं. व्हर्लिन स्कॉग्मो.

व्हर्लिनने उभी हयात गावच्या शाळेची देखभाल करण्यात घालवली. फरशा पुसल्या, दिवे बदलले, बर्फ उपसला. पण जीव लावला तो शाळेच्या पोटातल्या पत्र्याच्या डक्टना. एकाच डक्टमधून उन्हाळ्यात गार हवा धावणार आणि हिवाळ्यात गरम. दमट दिवसांत त्यांना बाहेरून घाम फुटायचा, थंडीत पत्रा तापून फुगायचा, निवला की आकसायचा, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की सांधे ढिले होऊन निम्मी ऊब तळघरातल्या उंदरांच्या वाट्याला जायची. हवा पालटली की आधी डक्टना कळतं, मग माणसांना, असं तो म्हणायचा. मग गावात पोरं उरली नाहीत म्हणून शाळाच बंद झाली. उरलेल्या चारदोन पोरांना बस शेजारच्या गावी नेऊ लागली, आणि व्हर्लिनकडे सांभाळायला स्वतःच्या घरातले डक्ट तेवढे राहिले.

त्यांना मात्र त्याने असं सांभाळलं की बघत राहावं. दर सप्टेंबरात तो तळघरात उतरायचा, एकेका सांध्याला लेप लावायचा, वरून ॲल्युमिनियमची टेप दाबायचा, आणि मग महिनाभर हॉटेलात सगळ्यांचे कान किटेपर्यंत त्याचं कौतुक सांगायचा.

"घर नाही ते, थर्मास आहे थर्मास! दुपारी जेवायला बसलो की बाह्या वर कराव्या लागतात. भट्टी न पेटवता!"

"फेक, फेक," ऑर्डेल म्हणायचा. हा ऑर्डेल म्हणजे व्हर्लिनचा लहानपणापासूनचा मित्र. गावाबाहेर त्याची गुरं होती, आणि त्या दारावर एकदा तरी आपलं नाव यावं एवढीच त्याची इच्छा होती.

"सांध्यांत आहे सगळं, ऑर्डेल. घर गळतं ते सांध्यांतून."

"तुझे सांधे बघ आधी. खुर्चीतून उठलास की अख्ख्या हॉटेलला ऐकू येतात."

व्हर्लिनच्या बायकोचं नाव आर्डिस. ती कमी बोलणारी, घरात एकावर एक दोन स्वेटर घालून वावरणारी. गारठा पडला की तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडायची आणि बधिर व्हायची; सुई धरली तरी धरल्यासारखी वाटायची नाही. फार्गोला राहणाऱ्या मुलीला नोव्हेंबरात बाळ व्हायचं होतं आणि त्याची गोधडी निम्मीच झाली होती. बोटांचं तिने व्हर्लिनला एकदा सांगून पाहिलं होतं. त्याने लगेच गाडी काढली आणि तिच्यासाठी लोकरीचे हातमोजे आणले. मोजे घालून गोधडी कशी शिवायची हा प्रश्न त्याला पडला नाही. आपण बायकोची काळजी घेतली, या आनंदात तो झोपी गेला.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हर्लिन आणि ऑर्डेल असे दोघेच टिकून राहिले. बाकीचे एकेक करून हरले होते. दहाव्यांदा नाव लागलं की पुरे, मग मेलो तरी हरकत नाही, असं व्हर्लिन गमतीने म्हणायचा. पण ती निव्वळ गंमत नव्हती. त्या दारावरचं नाव सोडलं तर लिंडालमध्ये आता आपण कुणाच्या काय उपयोगाचे, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं.

एका सकाळी मंडळी हॉटेलात बसलेली असताना वारा फिरला. बघता बघता उत्तरेकडून आभाळ शिशासारखं झालं आणि रस्त्यावरची पानं एका दमात गावाबाहेर गेली. ऑर्डेलला गुरं आत घ्यायची होती. व्हर्लिनला अंगणातला पाण्याचा नळ आठवला. आतून चावी बंद केली नाही तर रात्रीतून गोठून फुटला असता. गप्पा अर्ध्यावर टाकून सगळे उठले.

चावी तळघरात होती, म्हणून तो घरात न शिरता बाजूच्या दाराने सरळ खाली उतरला. दोन पायऱ्या राहिल्या असतील, तेव्हा त्याने तो आवाज ऐकला.

टक्. जरा थांबून टक्, टक्.

दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. व्हर्लिनला कळला. तापलेला पत्रा निवताना असा बोलतो. त्याने भट्टीवरच्या मोठ्या डक्टला तळवा लावला. डक्ट कोमट होता.

आणि मग त्याच डक्टमधून, वरच्या स्वयंपाकघरातल्या जाळीतून, आर्डिसचा आवाज खाली आला. ती फोनवर बोलत होती.

"हो गं, आत्ताच बंद केली. तो अकराशिवाय येत नाही... त्याला कसलं कळतंय! जेवताना बाह्या वर करतो आणि म्हणतो, बघ, सांधे कसे घट्ट बसलेत. मी म्हणते, हो बाबा, घट्ट बसलेत."

ती हसली. व्हर्लिनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. गावातले सगळे पहारेकरी एकाच वेळी हॉटेलात कॉफी पीत बसलेले असतात, तेव्हा कुणाच्या नळातून किती वाफ निघते हे बघायला रस्त्यावर असतं कोण? नऊ वर्षं! तो जिना चढून जाब विचारायला निघालाच होता.

"हे बघ डेलोरिस, वारा फिरलाय. उद्या ऑर्डेलला पेटवायला लाव. गुडघे दुखतात म्हण... पाठ नको, पाठ मागच्या खेपेला झाली."

व्हर्लिन जागच्या जागी थांबला. डेलोरिस म्हणजे ऑर्डेलची बायको.

"कळतं गं मला. त्यालाही एकदा जिंकायचंय. पुढच्या वर्षी नक्की... हो, दरवर्षी असंच म्हणते मी. तुम्ही सगळ्या जणी माझं ऐकता, म्हणून चाललंय हे. तेव्हा तू ह्याला बघितलं नाहीस. शाळा बंद झाली आणि हा दिवस दिवस तळघरात उलट्या बादलीवर बसून राहायचा. जेवायला हाक मारली की येतो म्हणायचा, यायचा नाही. मला तिथल्या दोरांची भीती वाटायला लागली, डेलोरिस. सगळे उचलून मी गाडीच्या शेडमध्ये नेऊन लपवले. मग त्या ऑक्टोबरात तो जिंकला आणि शीळ घालत घरी आला. त्या शिळेसाठी माझी बोटं पडली पांढरी तर पडू देत."

बादली अजून तिथेच होती, भट्टीच्या बाजूला. व्हर्लिनने तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या वर्षी त्याने दोर शोधले होते. सापडले नाहीत म्हणून आर्डिसवर चिडलाही होता. शिडी बांधायला हवे होते, असं त्याने तिला सांगितलं होतं. खरंच शिडी बांधायला हवे होते का, ते आज त्याला स्वतःलाच विचारायचं धाडस होईना.

नळाची चावी त्याने आवाज न करता फिरवली, आला तसा बाहेर पडला आणि गाडीत जाऊन बसला. आधी लाज वाटली. सगळ्या गावाच्या बायकांनी मिळून आपल्याला लहान पोरासारखं जिंकवलं, आणि आपण छाती काढून हिंडलो! गावाला दोन चकरा मारून झाल्या तेव्हा लाज मागे पडली आणि नुसती आर्डिस राहिली. तिला तेव्हा किती भीती वाटली असेल, आणि ती तिने एकटीने कशी काढली असेल! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आपण तिला हातमोजे आणून दिले. गाडीत कुणी नव्हतं, म्हणून तो थोडा रडला.

अकरा वाजता तो नेहमीसारखा घरी आला. जेवताना त्याने बाह्या वर केल्या नाहीत, आणि त्या दिवशी सांध्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आर्डिसने दोनदा त्याच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो उठला. अंगणातलं गवत पांढरं झालं होतं. बैठकीच्या खोलीत जाऊन त्याने भिंतीवरची चकती फिरवली. खाली भट्टीने हुं केलं, आग धरली, आणि घरभर पत्रा तापल्याचे आवाज फिरले. मग अंगावर कोट चढवून तो बाहेर गेला आणि कुणालाही दिसेल असा आपल्या पांढऱ्या नळाशेजारी उभा राहिला. वाफेचा लोट घराच्या उंचीइतका वर चढत होता.

ऑर्डेलची गाडी आली, पुढे गेली, करकचून थांबली आणि उलटी मागे आली.

"व्हर्लिन! अरे, तुझ्या नळातून धूर येतोय!"

"वाफ आहे."

"लेका, पेटवलीस तू?"

"पेटवली. थंडी वाजली."

"कुणाला?"

"मला. मला वाजली, ऑर्डेल."

ऑर्डेलने काच पूर्ण खाली केली. समोर व्हर्लिनच आहे याची त्याला खात्री करून घ्यायची होती. मग त्याचं तोंड असं फुललं की त्यासाठी तरी हरावं, असं व्हर्लिनला वाटून गेलं.

"डेलोरिसला सांगतो जाऊन! बिचारी दरवर्षी नेमकी याच आठवड्यात आजारी पडते बघ. कधी गुडघे, कधी पाठ."

"सांग. आणि आधी भट्टी पेटव तिच्यासाठी. जिंकलास ना आता?"

गाडी हॉर्न वाजवत गेली. व्हर्लिन स्वयंपाकघरात शिरला तेव्हा आर्डिस जाळीपाशी उभी होती. तिने दोन्ही हात तिथून येणाऱ्या गरम वाऱ्यावर धरले होते.

"तू पेटवलीस?"

"हो."

"ऑर्डेलने बघितलं?"

"गावभर सांगायला गेलाय."

"अरे, एक दिवस थांबायचं होतंस! तो आज पेटवणार..." ती अडखळली. "म्हणजे, गारठा एवढा आहे तर पेटवलीच असती त्याने."

"मला थंडी वाजली, आर्डिस."

हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"काल तू लवकर आला होतास," ती हळूच म्हणाली.

"अंगणातला नळ बंद करायचा होता. वारा सुटला होता."

तिने पाठ फिरवली आणि कोरडाच कप फडक्याने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होती. व्हर्लिनने जवळ जाऊन तो कप तिच्या हातातून काढून घेतला आणि तिची बोटं आपल्या दोन्ही मुठींत धरली. ती अजून गारच होती, पण टोकांना जराशी लाली यायला लागली होती.

"हॉटेलात जायचंय ना तुला?" तिने विचारलं. "आज सगळ्यांची कॉफी तुझ्या नावावर."

"बेट्टीला फोन करतो, मांडून ठेव म्हणून. मी इथेच पितो. तू गोधडी घेऊन बस, मला सुईत दोरा ओवता येतो."

"इथेच? सकाळभर?"

"चालेल का तुला?"

आर्डिसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग कोट तरी काढ," ती म्हणाली. "घरी आलायस."