केळीच्या पानांचं खत

अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. शाळा चौथीत सुटली. हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते.

बी ब्लॉकच्या वहिनी कुंडी घेऊन माझ्या खताच्या शेडच्या दारात उभ्या होत्या.

"मावशी, तुमचं खत घातलं आणि कढीपत्ता जळाला."

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका सोसायटीत मी ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करते. देठं, साली, उरलेलं अन्न यांच्यावर वाळलेला पाला. आंबट ताक शिंपडायचं आणि अधूनमधून ढीग उलथायचा. काळं झालं, मातीचा वास आला की खत तयार. लोक ते कुंड्यांसाठी विकत घेतात.

संध्याकाळपर्यंत आणखी कुंड्या आल्या. सगळ्या झाडांच्या पानांच्या कडा करपलेल्या. मी खत हुंगलं, चोळून पाहिलं. काहीच खोट दिसेना.

सेक्रेटरी मॅडमनी नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने चिमूटभर खत जिभेला लावलं आणि थुंकला.

"अक्का, हे खत कुठलं? ऊरुगाय आहे, ऊरुगाय!" म्हणजे लोणचं. जमलेले सगळे हसले.

लग्नसराईत सोसायटीच्या हॉलमधली केळीची जेवलेली पानं माझ्याकडेच येत होती. पानापानावर मीठ, लोणचं, सांबार. कुजून ढीग बसतो, पण मीठ तेवढंच राहतं.

"उपाय काय?" मॅडमनी विचारलं.

"भरपूर पाणी सोडून माती धुवायची," तो म्हणाला.

"पाणी? टँकर मागवून आंघोळी करतोय आम्ही! मावशी, लोकांचे पैसे परत करावे लागतील. तुमच्या पगारातून कापू."

"मॅडम, पानं हॉलमधूनच..."

"ढीग कोण लावत होतं?"

खोलीवर गेल्यावर सगळी उत्तरं सुचली.

उरलेल्या खताची पोती मीच भरली, मीच कचऱ्याच्या गाडीत चढवली. गेटजवळच्या वाफ्यातही तेच खत होतं. तिथल्या मातीवर पांढरी खपली धरली आहे, गवतसुद्धा उगवत नाही. येता-जाता लोक तिकडे बघतात, मग माझ्याकडे.

आता जेवलेली पानं मी घेत नाही. कुजतं ते सगळंच मातीला चालत नाही, एवढं शिकले. शिकून वाफा काही हिरवा होत नाही.

दर महिन्याला पगार कापून येत होता. या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. सगळ्यांचे सगळे पैसे फिटले.