घोटभर पाणी

अफूच्या कुळातल्या औषधांचं मिठासारखं असतं. कमी पडली तर जनावर विव्हळत राहतं, जास्त झाली तर दुखण्याबरोबर श्वासालाही झोपवतात, नाडीही उतरवतात. गुरांचा डॉक्टर म्हणून मी हे येईल त्याला समजावतो. तरी कुणीतरी म्हणतंच, "सायेब, जरा जास्तीच मारा की." जणू उसाला खत घालायचंय.

ठाणाकुशनूरची अक्का तसं म्हणाली नव्हती. नवरा गेल्यापासून ती शेतात एकटी राहायची, सोबतीला तिचा कुत्रा. उसाच्या ट्रॅक्टरनं त्याची कंबर मोडली. तो कुणाला हात लावू देईना. पोत्यात गुंडाळून तूर मोजायच्या काट्यावर त्याचं वजन केलं आणि त्या बेतानं इंजेक्शन दिलं. हळूहळू कण्हणं थांबलं. नाडी मंद पण नियमित, श्वास सावकाश, जीभ गुलाबी. कुत्रा वाचणार याची मला खात्री होती.

"श्वास असाच मंद चालंल, अक्का. भिऊ नका. तोंडात काही घालू नका," असं सांगून मी पट्ट्या आणायला रस्त्यावरच्या जीपकडे गेलो.

परत आलो तर कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तोंडाला तांब्या लावलेला. जाणाऱ्याच्या मुखात पाणी घालायचं, ही आपली रीत. पण गुंगीतल्या जनावराला गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात उतरतं. मी त्याला उलटा धरला, पाठ थोपटली, गुंगी उतरवायचं औषध टोचलं. त्याच्या छातीत घरघर लागली आणि थोड्या वेळानं तीही थांबली. मला इतका राग आला की आणलेल्या पट्ट्या फेकून द्याव्याशा वाटल्या.

"जीभ बाहेर आली, डोळे फिरले. जायलाय म्हणलं," अक्का सांगत होती. "मालक बीदरच्या दवाखान्यात गेले, मला आत सोडलं न्हाईत. त्यांच्या तोंडात थेंब घालता आला न्हाई. ह्याला तरी..." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "प्याला न्हवं माझ्या हातचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"व्हय, अक्का. प्याला."

अजूनही भालकीच्या बाजारात भेटली की ती शेजारणीला थांबवून सांगते, "ह्या डॉक्टरमुळं माझा कुत्रा सुखानं गेला बघ." मी मान डोलावतो, आणि कानात ती घरघर सुरू होते.