पेशंट आल्याची वेळ

हे मी घरी कधी बोललो नाही—चर्चमध्ये फादरांपुढे पापांची कबुली देतानाही नाही. तुम्हाला सांगतो.

वसईतल्या एका इस्पितळात तातडीच्या विभागाबाहेर माझं टेबल आहे. आलेल्या पेशंटची वहीत नोंद करतो. नाव, वय, काय झालं, किती वाजता आला.

ही शेवटची वेळ मी वर्षानुवर्षं खोटी लिहिली. पेशंट दारात आला ती नाही—डॉक्टरांनी तपासलं ती. म्हणजे कुणी ताटकळलंच नाही असं दिसायचं. मला कुणी तसं सांगितलं होतं का? नाही. मला फक्त वरून प्रश्न यायला नको होते.

मग एक डॉक्टर मॅडम आल्या. कधी किती पेशंट येतील हे एआय आधीच सांगेल, तशा सिस्टर बोलावू, म्हणाल्या. त्याला शिकवायला माझ्याच वह्या दिल्या. एआयने सांगितलं—गर्दी रात्री आठला. जादा सिस्टर आठला येऊ लागली.

एकदा संध्याकाळी वालीवच्या कारखान्यातला एक माणूस आला, प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. एकच सिस्टर, तीही दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. दीड तास तो बाकावर, हात टॉवेलात गुंडाळून. बायको सारखी विचारायची, "भाऊ, अजून किती?" त्याची दोन बोटं गेली. लवकर पाहिलं असतं तर—? मला माहीत नाही. वहीत मी सात चाळीस लिहिलं.

"मॅडम, तुमच्या ज्योतिष्याला घड्याळ कळत नाय वाटतं," सिस्टर म्हणाली. सगळे हसले. मॅडमनी मान खाली घातली. मी—मीही हसलो.

पुढे दोन आठवड्यांनी मी गेटवरच्या वॉचमनची वही मॅडमपुढे ठेवली. आत आलेली प्रत्येक रिक्षा, प्रत्येक ॲम्ब्युलन्स, वेळेसकट. "ह्या वेळा घेऊन बघा," एवढंच म्हणालो. का, ते नाही सांगितलं.

आता जादा सिस्टर साडेपाचलाच हजर असते. परवा गिरीज गावची एक आजी छातीत दुखतं म्हणून सव्वासहाला आली. मुलगा गाडी लावून आत येईपर्यंत तिचा ईसीजी काढून झाला होता. एआय सुधारलं, असं सगळे म्हणतात. ते बिघडलं होतं कधी?

काल जुनी वही काढली. त्या माणसाच्या नावापुढे लाल पेनाने सहा दहा लिहिलं, खाली सही केली. सात चाळीस खोडलं नाही—ते माझ्याच अक्षरात आहे.

वही आज सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवली आहे, तेच पान उघडून.