पाहुण्याचे पान

देवावर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी त्याच्याशी बोलणे मी जवळजवळ सोडलेच होते. आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली असतील. करडीला माझे छोटे किराणा दुकान, मागे घर आणि गावाबाहेर धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, होती. मुलगी लग्न होऊन तुमसरला गेलेली. घरात मी आणि बायको, दोघेच. आणि ती मला विसरत चालली होती.

आधी ती भाजीत मीठ दोनदा घालायची. मग चुलीवर भांडे ठेवून शेजारी जाऊन बसायची. आम्ही ते हसण्यावारी नेले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मेंदू थकत चालला आहे, औषध नाही, सांभाळा. गावात या दुखण्याला एकच शब्द होता, ‘वेड’, आणि तो माझ्या बायकोला लागलेला मला सहन होणार नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी दार लोटून घेतले आणि भजनाला जाणे सोडले. कुणी विचारले की ‘तिला कणकण आहे’ एवढेच सांगायचे. भात रांधायला शिकलो, तिची वेणी घालायला शिकलो. भात गिचका व्हायचा आणि वेणी दुपारपर्यंत सुटायची, पण दिवस ढकलले जात होते.

एका सकाळी तिने मला ओळखलेच नाही. परका पुरुष घरात शिरला असे समजून ती डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात बसली. मी ताट पुढे केले.

“माये मालक वावरात गेले हायेत,” ती म्हणाली. “परक्याच्या हातचा घास मी कायले खाऊ?”

“अवं, मीच तुया मालक!”

मी ओरडलो तशी ती आणखीच भ्याली. पुढे रोज हेच. मुलगी येऊन राहिली. मुलीच्या हातचे बायको थोडे दिवस जेवली, मग मुलगीही परकी झाली. लेकीला तिचा संसार होता, ती रडत परत गेली. घोटभर दूध कधी पोटात जायचे, कधी तेही नाही. घरात धानाची कोठी भरलेली आणि माझी बायको माझ्या डोळ्यांदेखत उपासमारीने चालली होती. जो येतो त्याला तांदूळ तोलून देणारा मी, मला तिच्या तोंडात एक घास घालता येत नव्हता.

तलावाच्या पाळीवर महादेवाचे देऊळ आहे. एका दुपारी दाराला कडी लावून मी तिने न शिवलेले ताट घेऊन तिथे गेलो. ना फूल, ना बेल. ताट पिंडीपुढे आदळले आणि म्हणालो, “ती खात नाही, तूच खा. माझ्याच्याने आता होत नाही.” रडलो, भांडलो आणि परत येऊन कडी काढली, दुकान उघडले.

थोड्या वेळाने एक म्हातारा दुकानाशी आला. धुळीने भरलेले पाय, खांद्यावर घोंगडे. नाकाडोंगरीला लेकीकडे निघालो म्हणाला, आणि पाणी मागितले. मी उठेपर्यंत आतून माझी बायको बाहेर आली. हातात पाण्याचा लोटा होता. कित्येक दिवसांत ती अशी चालली नव्हती.

“पाय धुवा पावने. जेवल्याबिगर जाऊ नोका. मालक येतच असतील.”

मी बाजूला सरलो. तिने पाट मांडला, मी केलेला तो गिचका भात वाढला, वर वरण घातले. म्हातारा पोटभर जेवला, ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाला, पण उठेना.

“घरची बाई उपाशी अन् मी ढेकर देऊ काय? जेवा माय, मंगच उठतो.”

पाहुण्याचा शब्द ती कसा मोडणार? ती बसली आणि जेवली. माझ्या डोळ्यांपुढे भाताचा शेवटचा दाणाही तिने निपटून खाल्ला. पाहुणा हात धुऊन वाटेला लागला. तो पुन्हा कधी दिसला नाही. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी ज्याला जेवायला बोलावले होते तो जेवून गेला, एवढे मला पुरे आहे.

त्या संध्याकाळी मी भजनात गेलो आणि टाळ हाती घेण्याआधीच सगळे सांगून टाकले. मग शेजारचा गोविंदा म्हणाला, “लेका, येवढे दिवस काहून लपवलं? उद्या मी येतो पावना होऊन. भात तेवढा मोकळा कर.” सगळे हसले, मीही हसलो. मग पाळीच लागली. रोज दुपारी भजनातले कुणीतरी दाराशी यायचे, पाय धुवायचे, चार घास खायचे आणि तिला जेवायला बसवूनच उठायचे. त्यांच्या बायका येताना वाटीभर भाजी आणायच्या आणि जाताना तिची वेणी नीट घालून द्यायच्या. तिच्या अंगावर पुन्हा मांस धरू लागले. मी दुपारी तासभर झोपू लागलो.

मग धानाची कापणी आली. एका दुपारी सगळे गाव बांध्यांत होते आणि कुणीच आले नाही. मी धावतपळत शेतावरून घरी पोचलो. ती दारात लोटा घेऊन उभी होती. माझ्या चिखलाच्या पायांकडे बघून म्हणाली, “या पावने. मालक वावरात हायेत.”

‘मीच तो’ हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळायला मला फार जड गेले. चाळीस वर्षांचा संसार होता तो. पण पाय धुतले, पाटावर बसलो, जेवलो आणि म्हणालो, “आता तुमी जेवा बाई, मंगच उठतो.” ती जेवली. जेवताना माझ्याकडे बघून हसली. पाहुण्याकडे बघून हसावे तसे हसली, पण हसली.

“उद्याई येजा,” ती म्हणाली.

महादेवा, तुझे उपकार मी कसे फेडू? मी तुझ्याकडे माझी बायको परत मागत होतो. तू मला तिच्या घरी जेवायला बोलावलेस. माझे, माझे म्हणून जे मी घट्ट धरले होते, ते सोडल्यावरच तिच्या पोटात घास गेला. ती पुढे बरीच वर्षे जगली, आणि उपाशी एकही दिवस राहिली नाही.

तिने बोलावले होते तसा दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दाराने बाहेर पडलो, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आलो, वहाणा काढल्या आणि हाक दिली, “हाये का कोनी घरात?”