थोरलीचा दुसरा आवाज

"गाणं चांगलं आहे," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "पण चाल कुठंय?"

काचेपलीकडे हेडफोन लावून उभ्या असलेल्या थोरलीला वाटलं, माणूस थट्टा करतोय. आत्ताच तर तिनं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं होतं. गाणं तिचंच. शब्द तिचे, चाल तिची, तेरा वर्षं मंचावर वाजवलेलं.

"कुठंय म्हणजे? म्हटली की आत्ता."

"तुम्ही म्हटलात तो चालीला साथ देणारा खालचा सूर, दुसरा आवाज. पहिला आवाज जिथं हवा तिथं कुणीच नाही. ऐका."

त्यानं ऐकवलं. थोरलीनं निम्म्यातच हेडफोन काढून हातात धरला. सूर चोख होता, ताल पक्का होता, एकही जागा चुकली नव्हती. टेकू होता, भिंतच नव्हती.

स्टुडिओ एका सोफे बनवणाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत होता. भिंतींना सोफ्यातून उरलेल्या फोमचे तुकडे चिकटवलेले, काही हिरवे, काही पिवळे. पुढं खिळे ठोकायचं काम चालू असलं की रेकॉर्डिंग बंद. म्हणून दुकानाला सुट्टी असते त्या बुधवारीच काम व्हायचं. थोरलीनं बुधवार मिळावा म्हणून चष्म्याच्या दुकानातली आपली सुट्टी रविवारऐवजी बुधवारी करून घेतली होती. असे सहा बुधवार हाताशी होते. सातव्या आठवड्यात शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात तिचा एकटीचा पहिला कार्यक्रम. पत्रकं छापून झाली होती आणि त्यांवर एकच नाव होतं. आता कळत होतं, की त्या नावाच्या बाईला स्वतःची गाणी म्हणता येत नव्हती.

हे असं झालं त्याला एक किल्ली कारण होती.

बँड सुरू झाला तेव्हा त्यात तिघंच होते. ड्रमवर मास्तर, म्हणजे खरोखरचे शाळामास्तर, गणित शिकवायचे. गिटारवर एक लांब दाढीवाला, त्याला सगळे दाढीच म्हणायचे. आणि बास गिटारवर थोरली. गाणीही तीच गायची, पण भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. एकदा मास्तरांनी काड्या खाली ठेवल्या.

"तू गातेस तेव्हा असं वाटतं, की घरात कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये."

दाढी हसला. तेवढ्यात धाकटी बहीण घराची किल्ली द्यायला आली. एकोणीस वर्षांची, कशाचीच भीडभाड नसलेली. तिनं दारातूनच विचारलं, "काय झालं?" आणि सांगितल्यावर ताईची चेष्टा करायची म्हणून तीच ओळ मोकळ्या गळ्यानं म्हणून दाखवली. तालमीची खोली तळघरात होती. वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली डोकावून गेला, कोण गातंय बघायला.

दहा मिनिटांत निर्णय झाला, यापुढं धाकटीच गाणार. "किल्ली द्यायला आली आणि घर घेऊन गेली," मास्तर म्हणाले. थोरलीही हसली. तिला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. खांद्यावरचं ओझं उतरलं होतं.

तेव्हापासून एक पद्धत पडली. थोरली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाणं रचायची, धाकटीच्या गळ्याच्या मापानं. धाकटीला वर चढायला आवडतं, म्हणून चाल वर न्यायची. तिला लांब श्वास पुरतो, म्हणून ओळ लांब ठेवायची. मग ती चाल एकदाच, पुटपुटत म्हणून दाखवायची. धाकटी ती उचलायची आणि त्या क्षणापासून ती चाल धाकटीची. थोरली तिच्याखाली जाऊन दुसरा आवाज धरायची आणि पुन्हा कधी त्या वाटेला जायची नाही. तेरा वर्षं, चाळीसेक गाणी.

आई होती तेव्हा ती गाणी लावून स्पीकरला कान लावून बसायची.

"यात तू कुठंयस?"

"खाली."

"ऐकू येत नाहीस."

"मी नसले तर कळेल, आई."

"म्हणजे घरातल्या बाईसारखंच की," आई म्हणाली आणि आवाज आणखी वाढवला.

आई गेल्यानंतर वर्षभरात धाकटीनं बँड सोडला. दूरच्या शहरात कायमची नोकरी मिळाली होती. तिनं ते तालीम संपल्यावर सांगितलं, माइकची केबल गुंडाळता गुंडाळता.

"मी वैतागून नाही सोडत, ताई. मला फक्त सकाळी उठून कुठंतरी जायचंय, आणि संध्याकाळी परत यायचंय. बाकीच्यांसारखं."

"केबल कोपरावर गुंडाळू नकोस," थोरली म्हणाली. "आतून तुटते. सैल वेटोळी घाल."

एवढंच बोलली. पुढं मास्तर मुख्याध्यापक झाले आणि त्यांच्या संध्याकाळी शाळेनं घेतल्या. दाढीनं दाढी काढली आणि विमा कंपनीत लागला. घरात थोरली एकटी उरली आणि गाणीही तिच्याकडेच राहिली, कुणी मागायला आलं नाही म्हणून. दीड वर्ष बास गिटार पेटीत होती. मग एक दिवस वाचनालयात पुस्तक बदलताना सभागृह भाड्यानं मिळेल अशी पाटी तिनं वाचली आणि तारीख घेऊन घरी आली. घरी आल्यावर सांगणार कुणाला, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या बुधवारी रेकॉर्डिंगवाल्यानं पट्टी चार सूर खाली उतरवून दिली. "आता जाईल गळा." गळा गेला. पहिली ओळ तिनं धाकटीच्या चालीत नीट म्हटली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचं तिलाही न कळता ती खाली घसरली, जिना उतरावा तशी, आणि दुसऱ्या आवाजात स्थिरावली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या बुधवारी एकोणीस टेक झाले.

"धाकट्या बाईंनाच बोलवा ना," तो म्हणाला. "एका दिवसाचं काम आहे."

थोरलीनं फोन केला, तोही ख्यालीखुशाली विचारत विचारत, ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा.

"अगं, मग येते की!" धाकटी म्हणाली. "बुधवारी रजा टाकते, दोन तासांत उरकू. कार्यक्रमालाही गाते हवं तर."

"पत्रकं छापलीत माझ्या नावाची."

"बरं, मग नुसतं रेकॉर्डिंग. आणि तू कशाला वर चढायचा हट्ट करतेस? तुला वर कधी जाताच आलं नाही." ती हसत होती. तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं.

"बघते," थोरली म्हणाली.

ती खरंच बघत होती. चौथा बुधवार तिनं सोडला. धाकटीची रजा मिळायची होती आणि तिला नको म्हणायला कारण सापडत नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात थोरलीचं काम मागच्या खोलीत. गिऱ्हाईक पुढं, ती मागं. नंबरची गोल काच फ्रेमच्या आकारात घासून बसवायची. घासायचं मशीन एकच जाड सूर धरून घोंघावतं, काच पुरी होईपर्यंत बदलत नाही. त्या खोलीत ती वर्षानुवर्षं गुणगुणत आली होती. त्या आठवड्यात एका शिक्षिकेच्या चष्म्याची काच मशीनला लावून ती नेहमीसारखी गुणगुणू लागली. नेहमीसारखा म्हणजे दुसरा आवाज, डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. चौथ्या ओळीवर तिच्या लक्षात आलं, की सूर लोंबकळत नाहीये. उभा आहे.

तिनं मशीन थांबवलं. गुणगुणली. लोंबकळला. मशीन सुरू केलं. उभा राहिला.

गाण्याला ती बासवर जे सूर देत आली होती, त्यांत हा मशीनचा सूर नव्हता. तो त्यांच्याखालचा होता. पायाच वेगळा घातल्यावर टेकूची भिंत होत होती. एवढी साधी गोष्ट, तीही तेरा वर्षं पायाचेच सूर वाजवणाऱ्या बाईला सुचली नव्हती. सुचायचं कारणच पडलं नव्हतं. शिक्षिकेची काच मात्र कडेला जरा जास्त घासली गेली. दुसरी कापावी लागली.

घरी जाऊन तिनं बास काढली आणि कार्यक्रमातल्या नऊ गाण्यांचे खालचे सूर एकेक करून बदलले. शब्द तेच ठेवले. धाकटीला फोन करून रजा टाकू नकोस म्हणाली. कारण विचारलं तेव्हा "जमतंय" म्हणाली.

पाचव्या बुधवारी रेकॉर्डिंगवाल्यानं पूर्ण गाणं न थांबवता ऐकलं.

"हं. आता चाल आहे." मग सवयीनं विचारलं, "वर आवाज कुणाचा घालायचा?"

"कुणाचाच नाही."

कार्यक्रमाच्या शनिवारी सभागृहात चाळीस खुर्च्या होत्या आणि बावीस माणसं. मास्तर आले नाहीत, शाळेत परीक्षा होती. धाकटी आली होती, तिसऱ्या रांगेत कडेला बसली. थोरली बास घेऊन उभी राहिली आणि सवयीनं डावीकडे, धाकटीच्या जागेकडे वळली. डावीकडे पाण्याची बाटली होती. मग तिनं तोंड माणसांकडे केलं आणि सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला धाकटीचे ओठ हलले. ती कधी ठरवून गात नसे, गाणं दिसलं की शिरायची. तिनं नेहमीच्या जागेवरून नेहमीची चाल हळूच उचलली आणि ती खालच्या सुरांवर खरखरली. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. धाकटी थांबली. तिसऱ्या कडव्याला तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला, अगदी बारीक. मग तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसली, आलेल्या बाकी लोकांसारखी. थोरलीला हे सगळं दिसत होतं. तिनं डोळे मिटले नाहीत, आणि ती कुठं घसरलीही नाही.

लोक गेल्यावर धाकटी मंचावर आली आणि केबल गुंडाळायला लागली, सैल वेटोळी घालत.

"ताई, मी म्हणायला गेले. बसतच नाही गं."

"पाहिलं मी."

"माझी जागाच ठेवली नाहीस."

"ठेवली होती," थोरली म्हणाली. "बरेच दिवस."

धाकटीनं केबल पेटीत ठेवली. चांगली झाली गाणी, म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणत होती. मग घड्याळ पाहिलं. सहाची गाडी होती. जाताना तिनं ताईच्या दंडाला हात लावला आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली, लहानपणापासून उतरते तशी.

पूर्वी चौघांत सामान एका खेपेत खाली जायचं. थोरलीनं आधी बास नेली, मग अँप्लिफायरसाठी पुन्हा वर आली. वाचनालयाचा शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता.

"आणखी कुणी यायचंय का तुमचं? कुलूप लावतो."

"नाही," ती म्हणाली. "लावा." आणि अँप्लिफायर दोन्ही हातांनी उचलून जिन्याकडे निघाली.